मेयोचं गवती घर, १:२४ : मागची भिंत पुन्हा कापली

गेल्या महिन्यात चारही भिंती उभ्या राहिल्या म्हणून मी खुशीत होते. त्यातली मागची भिंत परवा रात्री कटर घेऊन कापून काढली.

नव्यांसाठी: आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेयो परगण्यातलं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं शेतकऱ्याचं घर छोट्या प्रतिकृतीत करतेय. तिथला एक फूट म्हणजे इथला अर्धा इंच. चाळीस फुटी घर वीस इंचांत बसतं, त्यामुळे टेबलावर ताटं मांडायला जागा उरते, असं घरी सांगितलंय.

चूक अशी की मी घर बाहेरून आखत आत आले. आधी लांबी-रुंदी, मग दार, मग खिडक्या, उरलेल्या जागेत चूल, आणि शोभेला दोन्ही टोकांना एकेक धुराडं. कॅलेंडरवरच्या चित्रासारखं दिसलं. पण त्या भागातलं घर असं नसतं. ते एकाच खोलीच्या रुंदीचं, एका खोलीतून दुसरीत जायचं. स्वयंपाकघराच्या एका टोकाला आडवी भिंत, त्या भिंतीत चूल आणि चुलीच्या पाठीमागे निजायची खोली. म्हणून मुख्य धुराडं आढ्याच्या मधूनच वर निघतं. चुलीलगत मागची भिंत थोडी बाहेर काढून बिछान्यापुरता खण केलेला असतो, त्याला कॅल्याख म्हणत. घरातली म्हातारी माणसं तिथे पडदा ओढून उबेला निजायची. माझ्या सरळसोट भिंतीत तो खण कुठून येणार? तीन इंच लांब, दीड इंच खोल एवढा तुकडा जोडला आणि वरचं छप्परही तितकं लांबवलं.

एकदा चूल जागेवर बसल्यावर बाकीचं भराभर सुटत गेलं. स्वयंपाकघराला समोरासमोर दोन दारं, वारा ज्या बाजूने येईल ते बंद ठेवायचं. पुष्कळ घरांत खालच्या टोकाला गुरंही बांधत, म्हणून जमिनीचा उतार चुलीकडून तिकडे. मी तीन मिलिमीटर दिलाय, गोटी ठेवली तर घरंगळते. चुलीच्या भिंतीत छोटा कोनाडा, मीठ कोरडं राहावं म्हणून. रात्री पीटचे (दलदलीतून कापून वाळवलेल्या, जळणाच्या मातीचे) निखारे राखेत पुरून ठेवायचे आणि सकाळी उकरून फुलवायचे. विस्तव विझू देणं म्हणजे अपशकुनच.

स्टुलांनी मात्र धडा दिला. आइस्क्रीमच्या काड्यांची चार पायांची दोन केली, माझ्या मातीच्या जमिनीवर दोन्ही डुगडुगली. तीन पायांचं केलं, ते पहिल्याच फटक्यात बसलं. तिथल्या स्टुलांना तीन पाय का, हे वाचून माहीत होतं, पटलं तेव्हा. ठेंगणीही मुद्दामच, कारण धूर वर तरंगतो आणि माणूस त्याच्याखाली बसतो.

चुलीवर लोखंडी फिरता आकडा (जाड तारेचा), त्याला टांगलेलं भांडं (काळा मणी). सपाट बुडाच्या झाकणवाल्या भांड्यात सोड्याचा पाव भाजत, झाकणावरही निखारे ठेवून. कोकणात धोंडस करतात तसंच.

छप्पर निम्मं झालंय. वाशांवर आधी गवतासकट उपसलेल्या मातीच्या पट्ट्या, त्यावर शाकारणी. माझ्याकडे पट्ट्यांच्या जागी जुनं तपकिरी फडकं आणि शाकारणीला काथ्या, चहात बुडवून वाळवलेला. अटलांटिकच्या वाऱ्यापुढे टिकावं म्हणून किनाऱ्यावरच्या घरांवर दोरांची जाळी टाकून ती वळचणीखालच्या खुंट्यांना बांधत. इतरत्र वाकवलेल्या काड्यांनी गवत पक्कं करत. त्या काड्यांवरून म्हण आहे: वाऱ्याचा दिवस हा काड्यांचा दिवस नव्हे. आपली तहान लागल्यावरची विहीर! माझ्या खुंट्या म्हणजे डोकी छाटलेल्या टाचण्या, छत्तीसपैकी एकोणीस लागल्या.

भिंतींना पानवाल्याकडचा चुना पातळ करून दिला. पहिला हात तडकला. मग आधी कोपरे घासून गोल केले, कारण वर्षानुवर्षं चुन्याचे थर चढून तिथेही धार उरत नसे.

हे घर गरिबाचं नाही, हेही सांगायला हवं. १८४१च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग केले होते. सगळ्यात खालच्या वर्गात एका खोलीच्या मातीच्या झोपड्या, सुमारे ४.९ लाख. १८५१मध्ये उरल्या १.३५ लाख. घरं सुधारली म्हणून नव्हे. मधल्या दुष्काळात आतली माणसं मेली, हुसकावली गेली, बोटीत बसून निघून गेली. तशी झोपडी करायचं आधी मनात होतं, पण आत ठेवायला काय, तर एक भांडं आणि पेंढा.

पुढचं काम उजेडाचं. खेड्यापाड्यांत वीज नेण्याची योजना १९४६ला सुरू झाली, त्यामुळे एलईडी लपवायचा तर पिवळा आणि चुलीतच. दिव्यासाठी लव्हाळ्याची काडी सोलत, ताठ राहावी म्हणून सालीची एक पट्टी ठेवत, चरबीत बुडवून लोखंडी चिमट्यात धरत. त्या काडीसाठी टूथब्रशचा केस जाड पडतोय. कुणी याहून बारीक काही वापरलं असेल तर कळवा, चिमटा तयार आहे.