मिरीचं पाणी आणि काचेचा मणी : लायडन-डेल्फ्ट

मंजिरी मिरजेच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला ती फळ्यावर एकच नाव लिहिते : आन्तोनी फान लेवेनहुक, सतराव्या शतकात घरी केलेल्या भिंगातून सूक्ष्मजीव पाहणारा डच माणूस. म्हणून माझ्याकडे ॲमस्टरडॅमला आल्या आल्या तिने सांगून टाकलं, "पवनचक्क्या नंतर. आधी त्याच्या गावी, डेल्फ्टला जाऊ."

सकाळच्या गाडीने वाटेतलं लायडन गाठलं. १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याच्या वेढ्यात हे गाव उपासमारीने खंगलं, तेव्हा बंधारे फोडून शेतांत पाणी सोडलं आणि सुटकेच्या होड्या आत आणल्या. पुढच्याच वर्षी इथे विद्यापीठ उभं राहिलं. आमचा मुक्काम मात्र बुरहाव्हे संग्रहालयात, कारण लेवेनहुकने स्वतःच्या हाताने केलेले सूक्ष्मदर्शक तिथे आहेत.

काडेपेटीहूनही लहान धातूची पट्टी, तिच्यात मण्याएवढं एकच भिंग, मागे नमुना टोचायची सुई. बस! मंजिरी काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभी होती. "अगं, आमच्या लॅबमधलं यंत्र उचलायला दोन हात लागतात," एवढंच म्हणाली.

तिथून डेल्फ्टला गाडीने वीसेक मिनिटं. कालवे, कमानीचे पूल, निळ्या-पांढऱ्या चिनीमातीची दुकानं. चौकातून आम्ही थेट आउडे केर्कमध्ये, म्हणजे जुन्या चर्चमध्ये गेलो. त्याचा मनोरा इतका कललाय की खाली उभं राहिलं की पोटात गोळाच येतो. आत लेवेनहुकची समाधी आहे. शेजारचं स्मारक त्याच्या मुलीने, मारियाने उभारलं. चित्रकार व्हर्मीरही याच चर्चमध्ये पुरलेला. दोघांचा जन्म १६३२ चा, बाप्तिस्मे काही दिवसांच्याच अंतराने. १६७५ मध्ये व्हर्मीर डोक्यावर कर्ज ठेवून वारला, त्यानंतर त्याच्या मालमत्तेची निरवानिरव करायला नेमला गेला तो लेवेनहुकच. व्हर्मीरचं एकही मूळ चित्र आज डेल्फ्टमध्ये नाही, याची मला खरंच हळहळ वाटली.

समाधीपाशी मंजिरीने मला तास घेतल्यासारखं सगळं सांगितलं. हा माणूस कापडाचा व्यापारी. लॅटिन येत नव्हतं, म्हणून पत्रं डच भाषेतच लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेला, पाठवायचा. मिरी जिभेला का झोंबते हे शोधायला त्याने ती पाण्यात भिजत घातली. काट्यांचं टोक दिसेल असं त्याला वाटलं होतं. दिसले ते वळवळणारे जीव. १६७६ च्या पत्रात त्याने ते लिहिलं, आणि लंडनकरांचा विश्वासच बसेना. पुढच्या वर्षी सोसायटीतल्याच रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने स्वतः पाहिल्यावर ते खरं ठरलं. "आणि तेव्हा मिरी कुठून यायची? आपल्या मलबारातूनही!" मंजिरीचे डोळे चमकले.

संध्याकाळी कालव्याकाठी बसलो. तिने पर्समधून कागदाच्या घडीचा सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप काढला. त्यातही मण्यासारखं एकच भिंग असतं. हिरवट पाण्याचा थेंब काचेवर घेतला, मोबाईल लावला आणि पडद्यावर काहीतरी पारदर्शक, लांबुळकं, गोल फिरत गेलं.

"बघ, बघ, पळतोय!"

आमची सातची गाडी चुकली. पुढची पकडेपर्यंत आम्ही अजून चार थेंब पाहिले.