पुन्हा सेकंडहँडच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शब्द बदलतात, प्रश्न तोच असतो: हातात एवढा चांगला मोबाइल असताना सेकंडहँड डीएसएलआर कॅमेरा कशाला? आणि पहिला बंद पडल्यावर परत सेकंडहँडच? दुसरा प्रश्न विचारताना तुम्ही हसू दाबता, तेही मला दिसतं.

आधी तुमच्या बाजूचं मान्य करून टाकते. अंधारात मोबाइल माझ्या कॅमेऱ्यापेक्षा बरे फोटो काढतो, निदान कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी किट लेन्स लावलेली असताना तरी. या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, २३.५ बाय १५.६ मिलिमीटरच्या आसपास असतो. चांगल्या मोबाइलच्या मुख्य सेन्सरच्या पाचेक पट क्षेत्रफळ. पण मोबाइल एका फोटोसाठी गुपचूप अनेक फोटो काढून ते एकत्र करतो, आणि किट लेन्स झूम केली की तिचं तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा मोठा तेवढं तोंड लहान, उजेड कमी). सेन्सरचं गणित मांडून मी पूर्वी लोकांना गप्प करायचे. आता त्या भानगडीत पडत नाही.

‘निदान मिररलेस तरी घ्यायचास’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की मिररलेस, म्हणजे डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेले नवे कॅमेरे, आले म्हणूनच हे जुने कॅमेरे माझ्या आवाक्यात आले. २०१८ चा निकॉन डी३५०० घ्या. २४ मेगापिक्सेल, कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जवर १५५० फोटो. त्याच्यानंतर त्या मालिकेत पुढचा आलाच नाही. ज्याला वारस नाही त्याचा भाव पडतो. मला वारस नकोय, फोटो हवेत.

आता त्या पहिल्या कॅमेऱ्याचं. ‘न बघता घेतला असशील’ हे ऐकून कान किटलेत. बघून घेतला होता! शटर काउंट, म्हणजे सेन्सरपुढचं शटर आतापर्यंत किती वेळा उघडलं तो आकडा, बघितला: नवशिक्यांच्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाख फोटोंचं धरतात, त्याच्या निम्मेही झाले नव्हते. लेन्समधून टॉर्च मारून फंगसचे धागे शोधले. लेन्सचं तोंड बारीक करून, एफ/१६ वर, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का पाहिलं. लेन्सवर झाकण लावून काळाकुट्ट फोटो काढला, हॉट पिक्सेल, म्हणजे अंधारातही चमकणारे बिघडलेले ठिपके, नव्हते. बॅटरीच्या कप्प्यात गंज नव्हता. हे सगळं विकणाऱ्याच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली. पुढे घरीही कितीतरी महिने काही खटकलं नाही.

मग भाची सायकल शिकत होती तो दिवस. मोकळं मैदान, लख्ख ऊन, दादा मागून सीट धरून धावतोय. चालती सायकल जागच्या जागी पकडायची म्हणून मी शटर १/२००० सेकंदावर नेलं. दादानं हात सोडला, मी बटण दाबून धरलं. ती गेली की तशीच, एकटी, डुगडुगत, पार मैदानाच्या टोकापर्यंत. स्क्रीन बघितला तर प्रत्येक फोटोत वरच्या बाजूला काळी पट्टी. काहींत पोरीचं डोकंच त्या पट्टीत गेलेलं. आधी वाटलं, गळ्यातला पट्टा आडवा आला असेल. परत काढले. परत तेच, उलट पट्टी आणखी रुंद. तिसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा आरसा वर जाऊन तिथंच अडकला आणि डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. तेवढ्यात ती वळून परत आली, धापा टाकत: ‘आत्या, निघाला?’ वहिनीनं मोबाइलवर सगळं टिपलं होतं. घरी तोच व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, मीसुद्धा. दादा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

कारण नंतर समजलं. शटरला दोन पडदे असतात. साधारण १/२०० पर्यंत निदान क्षणभर तरी सगळा सेन्सर उघडा असतो. त्याहून वेगात पहिला पडदा पोचायच्या आतच दुसरा निघतो आणि सेन्सरवरून नुसती एक फट सरकत जाते. पडद्यांची चाल बिघडली की दुसरा पहिल्याला गाठतो, फट मिटते आणि तेवढा भाग काळा. खोलीतल्या उजेडात, १/६० वर, हे दिसणारच नाही. आणि तो लाखाचा आकडा अंदाजाचा, हमीचा नव्हे.

विकणाऱ्याला माहीत होतं का? ‘बाहेर कशाला, इथंच बघा ना’ असं तो म्हणाला होता. कधी वाटतं, म्हणूनच म्हणाला. कधी वाटतं, तोही बिचारा घरातच फोटो काढत असेल.

दुरुस्तीचा खर्च तसल्याच दुसऱ्या बॉडीएवढा, म्हणजे बिनलेन्सच्या कॅमेऱ्याएवढा, निघाला. मग बॉडीच घेतली. लेन्स, बॅटरी, चार्जर घरात होतंच. मिररलेसकडे वळायचं तर त्यातलंही बरंच बदला. या वेळी कॅमेरा उन्हात नेला आणि मोकळ्या आकाशाचे फोटो १/४००० पर्यंत प्रत्येक वेगावर काढले. विकणारी बाई माझ्याकडे बघत राहिली. बघू दे.

हे झालं व्यवहाराचं, आणि तुमचं समाधान त्यानं होत नाही हे ठाऊक आहे. पूर्वी मी म्हणायचे की कॅमेऱ्यानं नजर तयार होते, मोबाइलच्या फोटोत जीव नसतो. काय तोरा होता! नजर तयार झाली की नाही कोण जाणे. दोरीवरच्या कपड्यांचे आणि जिन्यातल्या उन्हाचे ढीगभर फोटो तयार झाले. त्यातले बरेचसे मोबाइलवरही असेच आले असते. पण मोबाइल हातात घेतला की आधी मेसेज दिसतो, आणि जिना राहून जातो. शिवाय या कॅमेऱ्याला ओरखडा पडेल म्हणून जीव वरखाली होत नाही. भाचीच्या हातात तो बिनधास्त देते.

असं मी म्हणते खरी, पण लेन्ससकट सहाशे ग्रॅमच्या आसपासचं ते ओझं हल्ली बरेचदा घरीच राहतं. रोजच्या फोटोंसाठी घेतलेला कॅमेरा रोज बाहेर पडत नाही, हे तुम्ही अजून विचारलेलं नाहीत म्हणून बरं. हा बंद पडला तर तिसरा घेणार का, असं दादानं परवा विचारलं. मी नाही म्हटलं. खरं बोलले की खोटं, ते हा बंद पडेल तेव्हा कळेल.