एकपानीचा कंद मी कोणाला का देत नाही

"एवढी एकपानी आहे तुमच्या कुळागरात, एक कंद दिलात तर काय बिघडेल?" हा प्रश्न मला दर पावसाळ्याच्या तोंडावर ऐकावा लागतो, आणि माझ्या नकाराला आता सर्वांनी कंजूषपणा असे नाव देऊन टाकले आहे. तेव्हा एकदाच नीट सांगते. एकपानी ही आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, उगवणारी एक आमरी, म्हणजे ऑर्किड.

कोळशाच्या तुकड्यांवर डेंड्रोबियम फुलवणाऱ्यांना सगळ्या आमरी सारख्याच वाटतात. एकपानी मातीतली आहे. तिचे बी धुळीसारखे असते, त्यात रोपाला पुरेल असा अन्नसाठा नसतो, आणि मातीतल्या बुरशीचे तंतू आत शिरून त्याला पोसतात तेव्हाच ते रुजते. आमरीचे हे गुपित वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ साली फ्रान्समध्ये ओळखले. पुढे १९२२ साली अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीवाचून बी रुजवून दाखवले, हेही मला ठाऊक आहे. पण ते काचेच्या बाटलीत, अंगणातल्या कुंडीत नव्हे.

काही वर्षांपूर्वी माझ्या गैरहजेरीत एका जवळच्या नातेवाइकाने पोफळींखालचे कंद उकरून मडगावला नेले. त्याने ते नळाखाली स्वच्छ धुतले, कुजू नयेत म्हणून बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवले आणि कोकोपीटमध्ये लावले. पुढच्या जूनमध्ये फुले आली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो आला, खाली "उगाच बाऊ केला होता" असे लिहिलेले, आणि ज्यांनी एकपानीकडे कधी वळून पाहिले नव्हते त्यांनीही त्यावर अंगठे उठवले. ती फुले मागच्या पावसाळ्यातल्या पानाने कंदात साठवलेल्या अन्नावर आली होती, हे त्या जल्लोषात कोणाला सांगणार? फुलांमागून आलेले पान रुपयाच्या नाण्याएवढे निघाले. पुढच्या वर्षी काहीच उगवले नाही. कुंडी उपडी केल्यावर सुरकुतलेले साल तेवढे हाती लागले, आणि त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला: "आता दुसरे देशील का?"

बुरशी मेली म्हणून कंद मेला, असे मी तेव्हा ठणकावून सांगत असे. आज तसे सांगणार नाही. पान हिरवे असते, स्वतःचे अन्न स्वतः बनवते. वाढलेल्या कंदाला बुरशीचा आधार किती लागतो आणि गच्चीवरच्या उन्हाने किती घात केला, हे त्या एका कुंडीवरून ठरत नाही. माझ्याकडचे काही कंदही एखादा पावसाळा जमिनीखालीच काढतात. तरीही देणार नाही.

घरातही मला कोणी मानत नाही. एकपानीच्या कोपऱ्यातल्या पोफळींवर मी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक, मारू देत नाही, कारण मोरचुदाचे पाणी ठिबकून मातीत उतरते. परिणामी तिथली सुपारी कोळेरोगाने गळते आणि त्याचा हिशेब भाऊ दरवर्षी माझ्यासमोर मांडतो. "पाटापलीकडे आपण फवारतो, तिथेही तुझी एकपानी आहेच की," असे तो म्हणतो. आहे, हे खरे आहे.