पावसाळी तण: काय उपटावं, काय ठेवावं

पहिल्या पावसानंतर पंधरा दिवस खुरपं बाजूला ठेवा. दोन-चार पानं फुटल्याशिवाय रोप नीट ओळखता येत नाही.

गाजरगवताला मात्र अजिबात सवलत नको. १९५५च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आज देशभर आहे. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, परागाने दमा बळावतो. हातमोजे घालून, ओल्या मातीतून, फुलं येण्याआधीच मुळासकट काढा. फुलावर आलेलं झाड कंपोस्टमध्ये टाकू नका. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि पुढच्या वर्षी तेच खत वाफ्यात तण पेरतं.

लव्हाळा नुसता ओढला की वरची पात हातात येते, गाठी जमिनीत राहतात आणि पुन्हा फुटतात. खुरप्याने वीतभर खोल खणून गाठी वेचा. फावड्याने तुकडे केलेत तर तो आणखी पसरतो.

टाकळा कुंपणालगत चार-पाच झाडं तरी राहू द्या. त्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, कोवळ्या पाल्याची भाजी होते. शेंगा वाळायच्या आत छाटा. कुर्डूही ठेवण्याजोगा, त्याच्या तुऱ्यांवर मधमाश्या येतात.

घोळ भाजीसाठी ठेवताना देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, जमिनीसरपट वाढणारी दुधी (भोपळा नव्हे, तण) आहे. ती खायची नाही.