चिंचोक्यांनी हलवलेला बंधारा

पुरंदरच्या पूर्वेला, कऱ्हेच्या खोऱ्यातल्या एका गावाचा पाणलोट आराखडा, म्हणजे पावसाचं पाणी शिवारातच अडवून मुरवायची योजना, आमच्या संस्थेकडे होता. उपग्रहाच्या चित्रावरून केलेला छापील नकाशा तयारच होता. त्यात ओढे, उतार, गट नंबर होते आणि सिमेंट बंधाऱ्याच्या जागी तांबडी खूण. गावाची संमती तेवढी आणा, असा वरून निरोप.

शिवारफेरी झाल्यावर देवळासमोरच्या अंगणात लोकांनीच नकाशा काढायला घेतला. ओढा राखेने, रस्ते रांगोळीने, डोंगर विटेच्या भुकटीने. प्रत्येक विहिरीला एक खडा. मग चिंचोके वाटले. पाऊस सरल्यावर विहीर जितके महिने पाणी देते, तितके चिंचोके खड्यापाशी ठेवायचे.

एका बागायतदाराने आपल्या विहिरीपाशी तीनच ठेवले.

"आण्णा, मे महिन्यात टँकर तुमच्याच हिरीवर भरत व्हते की," मागून एक मावशी म्हणाल्या.

अण्णा हसले आणि आणखी पाच ठेवले. घरोघरी फिरून भरलेल्या तक्त्यात ते तीन तसेच राहिले असते. चारचौघांत नकाशा काढण्याचा माझा आग्रह असतो तो यासाठीच.

तासाभरात मातीवर जे उमटलं, ते आमच्या छापील नकाशात कुठेच नव्हतं. सात-आठ चिंचोक्यांच्या विहिरी गायरानाच्या खालून मळ्यापर्यंत एका तिरप्या पट्ट्यात होत्या. ओढ्याकाठच्या विहिरींपाशी जेमतेम दोन-तीन. आणि तांबडी खूण नेमकी याच कोरड्या विहिरींमध्ये.

"तिथं काळा पाषाण हाय. सुरुंग लावून लावून दमलो. पाणी आडंल, पर मुरायचं न्हाई," विहिरी फोडण्यात हयात गेलेले एक आबा म्हणाले. "गायरानाखाली बघा, मुरूम लागतोय."

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टचा, लाव्हाचे थर एकावर एक. एकसंध थरात पाणी शिरत नाही. सच्छिद्र, भेगाळलेल्या थरात साठतं. हे मी प्रशिक्षणात शिकले होते. तो थर कोणाच्या बांधाखालून जातो, हे आबांना घण मारून ठाऊक झालेलं.

गायरानात पाणी मुरवायला चर खोदायचे म्हटल्यावर मेंढरं राखणाऱ्या बाया उठल्या. "चराई बंद केली तर आमी कुठं जायाचं, ताई?" दुपार या भांडणातच गेली आणि मी ती जाऊ दिली, कारण आराखड्यातली सगळ्यात मोलाची ओळ त्यातून निघाली: गायरानाचे तीन भाग करायचे, आळीपाळीने एकच बंद ठेवायचा, मेंढरांची वाट कायम मोकळी.

हा नकाशा कागदावर उतरवून ग्रामसभेपुढे ठेवला. ओढ्यातला बंधारा वगळून माथ्यावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले) आणि गायरानाखाली पाझर तलाव, असा ठराव झाला. वरून तांत्रिक कारण विचारलं गेलं. मग भूवैज्ञानिकांना गावात आणलं. विहिरीत उतरून थर दाखवायला आबाच पुढे होते. भूवैज्ञानिकांचा अहवाल आणि चिंचोक्यांचा तक्ता, दोन्ही प्रस्तावाला जोडले. जागा सुचवणारे म्हणून त्यावर ग्रामसभेचं नाव आहे. तिथे संस्थेचं नाव येऊ नये म्हणून मी अडून बसले होते.