अष्टमुडीच्या तिसऱ्या आणि गोड्या पाण्याचा हिशोब

बाजारातून आणलेल्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खाण्याच्या शिंपा, नळाच्या पाण्यात घातल्या की घट्ट मिटून घेतात. आई ती ताज्या मालाची खूण मानत असे. जी शिंपी उघडीच राहिली ती मेलेली समजून बाजूला टाकली जाई. या मिटण्यामागचे कारण मला फार उशिरा, केरळमधील अष्टमुडी सरोवराविषयी वाचू लागल्यावर कळले.

अष्टमुडी हा कोल्लम जिल्ह्यातील आठ फाट्यांचा जलाशय आहे. कल्लडा नदी त्यात गोडे पाणी आणते आणि नीण्डकरा येथील मुखातून समुद्र आत शिरतो. या मुखाजवळच्या वाळूत राहणाऱ्या शिंपीचे शास्त्रीय नाव पाफिया मलाबारिका. गोव्याच्या खाड्यांतून तिसऱ्या म्हणून बाजारात येते ती हीच जात, त्यामुळे अष्टमुडीची हकीकत मला परक्या मुलखाची वाटत नाही.

१९८० नंतर व्हिएतनाम, थायलंड आणि मलेशियातून मागणी वाढली, तसा अष्टमुडीतील शिंपांचा उपसाही वाढत गेला. १९९१ साली तो सुमारे १०,००० टनांवर पोहोचला आणि १९९३ पर्यंत निम्म्यावर आला. त्यानंतर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने जे नियम ठरले ते कोणालाही समजतील इतके सरळ होते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात शिंपा काढायच्या नाहीत, जाळ्याचे आस, म्हणजे छिद्र, ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको, यंत्राने वाळू खरवडायची नाही, आणि निर्यातीच्या मांसात किलोमागे १,४०० हून अधिक नग भरतील इतका बारीक माल घ्यायचा नाही. सुमारे ३,००० लोकांचे पोट ज्या धंद्यावर होते, त्यातील माणसांनी तीन महिन्यांची कमाई सोडून हे नियम पाळले. उत्पादन सावरले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र अष्टमुडीला मिळाले. भारतातील ते पहिलेच होते.

या नियमांचा पाया शिंपीच्या जीवनक्रमात आहे. तिच्यात नर आणि मादी वेगळे असतात. दोघेही आपापले बीज पाण्यात सोडतात आणि फलन उघड्या पाण्यातच होते. त्यातून निघालेली अळी डोळ्यांना दिसणारही नाही इतकी सूक्ष्म असते. काही दिवस, साधारण दोन आठवडे, ती प्रवाहाबरोबर तरंगते आणि मगच वाळूत स्थिरावते. पावसाळा सरून पाण्याचा खारेपणा पुन्हा चढू लागला की विणीला अनुकूल काळ येतो. बंदीचे महिने विणीच्या काळावरून बेतले गेले, कारण पाऊस केव्हा सरतो आणि खारे पाणी केव्हा परतते याचा अंदाज तेव्हा बांधता येत असे.

तो अंदाज आता डळमळीत झाला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० पासून मध्य भारतात, म्हणजे महाराष्ट्र धरून, विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. केरळने २०१८ च्या ऑगस्टमधला महापूर पाहिला. गोड्या पाण्याचा लोंढा आला की मोठी शिंपी मिटून बसते. मिटलेल्या अवस्थेत तिला खाता येत नाही, श्वास घेता येत नाही आणि साठवलेल्या ऊर्जेवर काही दिवस तग धरावा लागतो. पाणी जितके तापलेले, तितका हा साठा लवकर संपतो. तरंगत्या कोवळ्या अळीपाशी तर एवढाही साठा नसतो. समुद्राचे पाणी आम्लधर्मी होत असल्याची चर्चा बरीच होते आणि ती योग्यही आहे, कारण अळीचे पहिले कवच बांधणे त्यामुळे अवघड होते; परंतु नदीच्या मुखाशी आजची तातडीची भीती खारेपणाच्या अचानक उताराची आहे, असे माझे मत आहे. अष्टमुडीत पुढे शिंपा पुन्हा मोठ्या प्रमाणात घटल्या. दक्षिण अमेरिकेकडून आलेल्या, कमी-अधिक खारेपणा सहज सोसणाऱ्या चारू नावाच्या शिणाण्यांनी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या शिंपल्यांनी, त्यांच्या जागेवर आक्रमणही केले. आता केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था विळिंजम येथील आपल्या केंद्रात वाढवलेले बीज, म्हणजे कोवळ्या शिंपा, सरोवरात सोडत आहे.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वेगळी आहे. सारे नियम पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसावर आहेत, तर गोडे पाणी किती आणि कधी यावे याचा निर्णय वरच्या अंगाला, कल्लडेवरील तेन्मला धरणापाशीही होतो. आपल्याकडे वाशिष्ठीच्या खाडीत कोयनेचे अवजल, म्हणजे वीज तयार करून झालेले पाणी, उतरते, आणि ते सोडण्याचा संबंध चिपळूणच्या पावसापेक्षा विजेच्या गरजेशी अधिक असतो. पाणी सोडणाऱ्यांच्या बैठकीत शिंपा वेचणाऱ्यांना जागा असली पाहिजे आणि बंदीची तारीख खारेपणाच्या नोंदी पाहून दरवर्षी नव्याने ठरली पाहिजे. खारेपणा मोजण्याचे उपकरण हातात मावणारे आहे. ओहोटीला खाडीत उतरणाऱ्या बायकांना ते वापरणे मुळीच कठीण नाही. आपली पावसाळी मासेमारी बंदी यांत्रिक नौकांसाठी असल्यामुळे हाताने वेचल्या जाणाऱ्या तिसऱ्यांना तिचा उपयोग होत नाही.

गेल्या नोव्हेंबरात बाजारात मावशींसमोरचा तिसऱ्यांचा वाटा नखाएवढ्या शिंपांचा होता. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "दिवाळी झाली तरी पाऊस होता. मोठ्या सगळ्या मेल्या, हाताला नुसती टरफलं लागतात. उरलेल्या या." मी त्या दिवशी तिसऱ्या घेतल्या नाहीत. पण मावशींची सकाळ त्या वाट्यावरच अवलंबून होती, आणि त्या सकाळीचे काय करायचे हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.