ब्रिटनमधलं बाळंतपण: वजनाचा आकडा कुठे कामाचा आणि कुठे नुसता टोमणा

ब्रिटनमध्ये दिवस गेले की पहिली मोठी भेट होते ती मिडवाइफशी, म्हणजे प्रशिक्षित सुईणीशी. या भेटीला इथे 'बुकिंग' म्हणतात आणि ती दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी अशी अपेक्षा असते. रक्त, लघवी, बीपी, घरातले आजार यांच्याबरोबर उंची आणि वजन घेतात. त्यावरून बीएमआय निघतो आणि तो आकडा बाळ होईपर्यंत नोंदींत सगळ्यात वर राहतो. तो ३० च्या पुढे गेला की बोलण्याचा सूर बदलतो असा अनेकींचा अनुभव आहे. 'या वजनाला जरा कठीणच आहे', 'आधीच विचार करायला हवा होता', अशी वाक्यं कानावर येतात. त्याच संध्याकाळी पुण्या-नाशिकहून व्हिडिओ कॉल येतो आणि पहिलं वाक्य असतं, 'किती सुटलीस गं!'

वजनावर अवलंबून असलेले वैद्यकीय निर्णय मोजके आहेत. ते कोणते हे बाईला आणि तिच्या घरच्यांना नीट माहीत असावं, म्हणजे कामाचं बोलणं ऐकून घेता येतं आणि बाकीचं तिथल्या तिथे थांबवता येतं. टोमण्यांनी कुणाचं वजन उतरत नाही. बाई पुढची अपॉइंटमेंट टाळते, काट्यावर उभं करतील म्हणून तपासणीला जात नाही, चोरून खाते नाहीतर उपाशी राहते. वजनावरून होणारी अवहेलना आणि बाळंतपणाच्या आसपासचं नैराश्य यांचा संबंध संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलेला आहे.

सुरुवात उंचीपासून करा. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो, त्यामुळे उंचीतली छोटी चूकही मोठी होते. ७० किलो वजन आणि १५५ सेंटीमीटर उंची असेल तर बीएमआय २९.१ येतो. उंची चुकून अडीच सेंटीमीटर कमी लिहिली गेली की तोच ३०.१ होतो आणि तपासण्या-उपचारांची वाट बदलते. म्हणून कॉलेजात कधीतरी मोजलेली उंची तोंडी सांगू नका. चप्पल-बूट काढून, टाचा भिंतीला लावून तिथेच मोजायला सांगा. वजन करताना जाड कोट आणि बूट उतरवा. थंडीच्या दिवसांत त्यांचाच दीड-दोन किलोचा फरक पडतो.

१५५ सेंटीमीटर उंचीला बीएमआय ३० म्हणजे सुमारे ७२ किलो, ३५ म्हणजे ८४ आणि ४० म्हणजे ९६. भारतीयांसाठी म्हणून सांगितले जाणारे २३ आणि २७.५ हे आकडे पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका ओळखण्यासाठी आहेत. गरोदरपणातले इथले बहुतेक नियम ३०, ३५ आणि ४० वरच बेतलेले आहेत. ३५ च्या पुढे पोटावर टेप लावून बाळाची वाढ नीट कळत नाही, म्हणून ठरावीक अंतराने स्कॅन करतात. ४० च्या पुढे भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट आधीच ठरवतात, कारण एपिड्युरलची (कळा कमी करण्यासाठी पाठीच्या कण्याजवळ देतात त्या भुलीची) जागा सापडायला वेळ लागू शकतो आणि ते ऐन कळांमध्ये कळण्यापेक्षा आधी बघून ठेवलेलं बरं. बीपी वाढण्याच्या धोक्यासाठी बाराव्या आठवड्यापासून ७५ ते १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देतात, पण त्याचा निर्णय एकट्या वजनावर होत नाही. पहिलं बाळंतपण, वय ४० किंवा जास्त, आधीच्या बाळंतपणाला दहा वर्षांहून जास्त काळ, जुळं, घरात कुणाला गरोदरपणी असा त्रास, आणि बीएमआय ३५ किंवा वर, यांतली एकाहून जास्त कारणं असली तर गोळी सुचवतात.

साखरेच्या तपासणीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ग्लुकोज टेस्टचं पत्र आलं की अनेकींना वाटतं, आपलं वजन जास्त म्हणून बोलावलं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दक्षिण आशियाई मूळ हे स्वतंत्र कारण आहे. म्हणजे ४८ किलोच्या मराठी मुलीलाही हे पत्र यायला हवं, आणि आलं नाही तर तिने स्वतः मागावं. बारीक आहे म्हणून तिची तपासणी सुटणं हा त्याच पूर्वग्रहाचा दुसरा चेहरा. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त घेतात, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी देतात आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. इथल्या मापात (मिलिमोल) उपाशीपोटी ५.६ किंवा जास्त, अथवा दोन तासांनी ७.८ किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. आपल्याकडच्या मापात हे साधारण १०१ आणि १४०. साखर वाढण्यामागे वारेतून येणारी संप्रेरकं असतात. त्यांच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. 'गोड खाल्लंस म्हणून झालं' हे वाक्य घरातूनही येऊ नये आणि दवाखान्यातूनही.

आता बीपीचा पट्टा. दिसायला क्षुल्लक वाटतो, पण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाला वेढायला हवी. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेरासाठी असतो, मोठा ३२ ते ४२ साठी. दंड जाड आणि पट्टा लहान असला की रीडिंग खोटं वाढून येतं. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा लावल्यावर वरचा आकडा सरासरी जवळपास २० ने जास्त आला. गरोदरपणात १४०/९० ला धोक्याची रेघ आहे. १२५ चे १४५ झाले की दाखल होणं, गोळ्या, लवकर कळा आणण्याची चर्चा हे सगळं सुरू होतं, आणि फाइलवर लिहिलं जातं की वजनामुळे बीपी वाढलं. पट्ट्यावर आतल्या बाजूला दोन रेघांची खूण असते. पट्टा गुंडाळल्यावर त्याची कड त्या दोन रेघांच्या मध्ये आली पाहिजे. ती बाहेर गेली तर माप चुकलं. घरीच शिवणाच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंड मोजा, आकडा मोबाइलमध्ये ठेवा आणि दर वेळी सांगा: 'माझा दंड ३५ सेंटीमीटर आहे, मोठा पट्टा लावा आणि तशी नोंद करा.' घरी बीपीचं मशीन घेणार असाल तर त्याच्यासोबत कोणत्या मापाचा पट्टा येतो हे आधी पाहा.

स्कॅनच्या खोलीतही एक वाक्य टोचतं. रिपोर्टवर 'आईच्या शरीरयष्टीमुळे चित्र मर्यादित' अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. ध्वनिलहरी जितक्या खोल जातील तितक्या क्षीण होतात, एवढाच त्याचा अर्थ. बाळ पाठ करून झोपलं असेल तरीही चित्र नीट मिळत नाही. कुशीवर वळणं, थोडं फिरून येणं, बेंबीजवळून बघणं असे उपाय असतात. २० व्या आठवड्याचा स्कॅन अपुरा राहिला तर २३ आठवड्यांपर्यंत पुन्हा एकदा बोलावतात. ती तारीख घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका.

जिथे वजन खरोखर अचूक हवं अशी एक जागा आहे: रक्ताच्या गुठळ्या रोखणारी इंजेक्शनं. ब्रिटनमध्ये बाळंतपणाशी थेट संबंध असलेल्या मातामृत्यूंमध्ये गुठळ्या हे आघाडीचं कारण आहे. त्यांतल्या एनॉक्सापॅरिन या इंजेक्शनाचा नेहमीचा रोजचा डोस ५० ते ९० किलोला ४० मिलिग्रॅम आणि ९१ ते १३० किलोला ६० असा ठरतो. लाजेपोटी वजन कमी सांगितलं तर डोस कमी पडतो. म्हणून काट्यावर उभं राहा, पण आकडा मोठ्याने उच्चारू नका असं सांगायचा हक्क तुम्हाला आहे. काट्याकडे पाठ करून उभं राहिलं तरी चालतं.

बाळंतपण कुठे करायचं यावरही वजनाची सावली पडते. बीएमआय ३५ च्या वर असेल तर साधारणपणे डॉक्टर असलेल्या विभागातच या असा सल्ला मिळतो; मिडवाइफ चालवतात ती केंद्रं आणि पाण्याचा टब नाकारला जाऊ शकतो. हा सल्ला आहे, हुकूम नाही. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नदीन माँटगोमेरी यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्या लहान चणीच्या होत्या, त्यांना मधुमेह होता आणि बाळाचे खांदे अडकण्याचा धोका त्यांना सांगितला गेला नव्हता. बाळाला कायमची इजा झाली. बाईच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला धोका आणि उपलब्ध पर्याय तिला सांगितलेच पाहिजेत, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा 'तुमचं वजन जास्त आहे म्हणून' असं कुणी म्हटलं की विचारा: नेमका कोणता धोका, शंभरातल्या किती जणींना, दुसरा मार्ग कोणता, आणि थांबलो तर काय होईल? उत्तर नोंदींत लिहून घ्या.

दिवस जाण्याआधीच ज्यांची वाट अडते त्यांचं दुःख वेगळं. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, खर्चाने आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) हवं असेल तर बहुतेक ठिकाणी बाईचा बीएमआय ३० च्या आत असावा अशी अट आहे. 'वजन कमी करून या' एवढं सांगून परत पाठवणं पुरेसं नाही. किती किलो, कोणत्या तारखेपर्यंत, मदतीला आहारतज्ज्ञ मिळणार का आणि तोवर रांगेतला नंबर टिकणार का, हे लेखी मागा. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होणारा त्रास) असेल तर वजन ५ टक्क्यांनी कमी झालं तरी पाळीत फरक पडू शकतो; ८० किलोच्या बाईला ते ४ किलो होतात. वजन कमी करण्याची इंजेक्शनं चालू असतील तर गर्भनिरोधक वापरा आणि दिवस जायच्या आधी सेमाग्लुटाइड किमान दोन महिने, टिर्झेपटाइड किमान एक महिना बंद करा. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, हे अनेकींना कुणी सांगत नाही. फॉलिक अ‍ॅसिडचा नेहमीचा डोस ४०० मायक्रोग्रॅम. आधीचा मधुमेह किंवा अपस्माराची औषधं अशा कारणांनी डॉक्टर ५ मिलिग्रॅम लिहून देतात.

आता घरच्यांसाठी. आई किंवा सासूबाई व्हिजिटर व्हिसावर येतात, सामानात डिंक, अळीव, बाळंतशेपा असतो, आणि त्यांच्या येण्यामुळे परक्या देशात मुलीचा सव्वा महिना निभतो. त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण जेवताना 'दोघींचं खा' आणि आठ आठवड्यांनी 'आता पोट आत घे' हे एकाच तोंडून आलं की मुलगी कात्रीत सापडते. गरोदरपणी वाढलेल्या १२ किलोंपैकी चरबी साधारण तीनच किलो असते. उरलेलं म्हणजे बाळ, वार, पाणी, मोठं झालेलं गर्भाशय आणि वाढलेलं रक्त. सगळ्यांना एकच आकडा लागूही नाही. अमेरिकेत २००९ मध्ये ठरलेल्या मापांनुसार बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर साडेबारा ते १८ किलो, १८.५ ते २४.९ च्या गटात साडेअकरा ते १६, आणि ३० च्या वर ५ ते ९ किलो वाढ योग्य धरतात. इथे पहिल्या सहा महिन्यांत जास्तीचं खाण्याची गरज नाही आणि शेवटच्या तिमाहीत रोज २०० कॅलरी पुरतात असं सांगतात. एक मध्यम डिंकाचा लाडू जवळपास तेवढाच भरतो. लाडू बंद करायची गरज नाही, रोज किती हे तिने ठरवावं. बारीक मुलींचीही सुटका नसते. 'हाडं दिसतात, बाळाला काय पोसणार, दूध कुठून येणार' हे बोलणं तितकंच जखम करतं, आणि त्यात तथ्यही नाही. दूध येतं ते बाळ वारंवार आणि नीट पकडून पितं तेव्हा.

पोट बांधायचं असेल तर सुती पट्टा सैल बांधा आणि सिझरच्या टाक्यांवर दाब येऊ देऊ नका. गर्भाशय आपल्या जागी यायला सुमारे सहा आठवडे लागतात. त्याआधी पोटाकडे बोट दाखवण्यात काही अर्थ नाही.

दवाखान्यात कुणी अपमान केला तर त्या विभागाच्या मुख्य मिडवाइफशी बोला, दुसरी मिडवाइफ मागा. तेवढ्याने झालं नाही तर रुग्णालयातल्या 'पाल्स' या मदतकक्षाकडे जा. लेखी तक्रार साधारणपणे १२ महिन्यांच्या आत करायची असते, त्यामुळे बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावरही वेळ गेलेली नसते. तारीख, खोली आणि जसेच्या तसे शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. इंग्रजीत अवघडल्यासारखं वाटत असेल तर दुभाषा फुकट मिळतो. नवऱ्यालाच दुभाषा करू नका, कारण त्याच्यासमोर सगळं बोलता येतंच असं नाही.

बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, आईची तपासणी असते. गरोदरपणी साखर वाढली होती त्यांनी ६ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान उपाशीपोटी साखर तपासायची. तो काळ टळला तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), आणि मग दरवर्षी एकदा. ही तपासणी काट्याच्या भीतीने सुटते आणि पुढे काही वर्षांनी मधुमेह अचानक समोर येतो. वेळ घेतानाच सांगा: 'वजन नको, फक्त रक्त घ्या.' त्या वर्षी सुट्टीला भारतात असाल तर तिथल्या लॅबमध्ये करून रिपोर्ट जीपीला पाठवला तरी चालतो.